साखळीची वाट

टोयोटाच्या २२आर इंजिनाचं टॅपेट कव्हर उघडून पुढच्या बाजूने आत टॉर्च मारली, तर कॅमच्या स्प्रॉकेटवरून दोन्ही अंगांनी खाली उतरणारी टायमिंग चेन दिसते. तिच्या दोन्ही बाजूंना, तिच्याशी लगटून, एकेक पट्टी उभी असते. याच चेन गाइड. त्या शक्ती निर्माण करत नाहीत, की पुढे पोचवत नाहीत. साखळी आपल्या वाटेवरून ढळू नये, एवढंच बघतात. झिजलेल्या गाइड बदलल्या, की गॅरेजच्या बिलात त्याची एक ओळ होते. जाणत्या हातांनी होणारं हे काम शेजारी उभं राहून बघण्यासारखं असतं, आणि त्यासाठी २२आरइतकं बोलकं इंजिन माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

चार सिलिंडर, २,३६६ सीसी, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड आणि त्यात एकच कॅम. १९८१च्या सुमारास हे इंजिन सेलिका गाडीत आणि हायलक्स पिकअपमध्ये आलं. अमेरिकेत आणि आखातात त्याने अफाट काम केलं; आखातात नोकरीला गेलेल्या कोकणातल्या कितीतरी माणसांनी त्याचं नाव ठाऊक नसतानाही त्याचा आवाज वर्षानुवर्षं ऐकला असेल. सुरुवातीच्या २२आरमध्ये दुपदरी साखळी होती. १९८३च्या मॉडेलपासून ती एकपदरी झाली आणि गाइड प्लास्टिकच्या आल्या. बाकीचं इंजिन दगडासारखं टिकतं, म्हणून हा एकच हळवा कोपरा इतका उठून दिसतो.

या रचनेतलं खरं सौंदर्य साखळीच्या दोन बाजूंमधल्या फरकात आहे. समोरून पाहिलं तर क्रँक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. म्हणजे गाडीच्या डाव्या अंगाची साखळी तो खाली खेचतो. ती कायम ताणलेली. उजव्या अंगाची साखळी सैल सुटून वर जाते, आणि तो सैलपणा टिपून घ्यायला तिथे टेन्शनर बसवलेला असतो. टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो, सोबतीला आत एक स्प्रिंग. आता गंमत अशी, की मोडते ती बहुधा डावी गाइड, ताणलेल्या बाजूची! पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. पण रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत टेन्शनरमधलं ऑइल ओसरलेलं असतं. सकाळी सेल्फ मारला, की दाब तयार होईपर्यंतच्या क्षणभरात उजवीकडचा ढिलेपणा सगळ्या साखळीत पसरतो आणि साखळी डाव्या गाइडवर सपासप आदळते. असे हजारो सकाळचे तडाखे त्या प्लास्टिकने झेललेले असतात. दोष उजवीकडे आणि जखम डावीकडे, हे ज्याला उमगलं तो मेकॅनिक नुसती गाइड बदलून थांबत नाही; टेन्शनरही नवा घालतो.

चांगल्या मेकॅनिकचं काम पाना हातात घेण्याआधी, कानाने सुरू होतं. टॅपेटची टिकटिक बारीक आणि नेमाची असते. कॅमच्या फेऱ्यांशी, म्हणजे क्रँकच्या निम्म्या गतीशी, ती बांधलेली असते. साखळीचा खडखडाट भरड असतो. तो पुढून येतो, थंड इंजिन सुरू होताना सगळ्यात मोठा असतो आणि ऑइल चढलं की विरतो. झीज वाढली, की गरम इंजिनातही अॅक्सिलरेटर सोडताना तो डोकावतो. गाडी आदल्या रात्रीच आणून ठेवा असं सांगणारा आणि सकाळचा पहिला सेल्फ स्वतः मारणारा मेकॅनिक भेटला, तर गाडी निर्धास्तपणे त्याच्या हवाली करावी.

रेडिएटर, फॅन, पट्टे, पुली हे उतरवण्याचं काम कष्टाचं आहे, पण त्यात वेगळं सांगण्यासारखं फारसं नाही. खरी परीक्षा पुढचं टायमिंग कव्हर काढताना येते. भोवतालचे सगळे बोल्ट निघाले तरी कव्हर हलत नाही. घाई करणारा इथे पेचकस घालून उचकटतो आणि अ‍ॅल्युमिनियमची कड मोडून बसतो. कारण एक बोल्ट अजून शिल्लक असतो आणि तो समोरून दिसतच नाही. हेडच्या पुढच्या टोकाला, डिस्ट्रिब्युटर फिरवणाऱ्या गिअरच्या खाली, एक खोलगट जागा आहे. तिथे ऑइल साचून राहतं, आणि त्या काळ्या तळ्याच्या बुडाशी, वरून खाली कव्हरमध्ये उतरणारा तो बोल्ट असतो. जाणकार आधी ते ऑइल फडक्याने टिपून घेतो, तळ कोरडा करतो, बोटाने बोल्टचं डोकं चाचपतो आणि मगच पाना बसवतो. कव्हर वर हेडच्या पॅकिंगला आणि खाली ऑइलच्या चेंबरला अशा दोन्हीकडे धरलेलं असतं. तेव्हा ते सरळ पुढे, दोन्ही हातांनी, पॅकिंगच्या कडा न फाटता बाहेर आलं, की समजावं हात तयार आहे.

कव्हर उलटं करून उजेडात धरा. गाइड मोडल्यावरही गाडी चालत राहिली असेल, तर विहिरीच्या काठच्या दगडावर दोराने पडावा तसा चर डाव्या बाजूला आतून दिसतो. साखळीने अ‍ॅल्युमिनियम घासून काढलेलं असतं. कव्हरच्या याच ओतकामातून इंजिनाचं पाणीही खेळतं. पाण्याचा पंप बाहेरून याच्यावरच बसतो. चर आरपार गेला की पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर दुधाळ तपकिरी फेस दिसू लागतो. म्हणजे एक पट्टी मोडल्याने बेअरिंगपर्यंत गंडांतर येतं. मी पाहिलेला एक वयस्क मेकॅनिक या चरात नख फिरवत असे. नख नुसतं सरकलं तर कव्हर साफ करून परत बसवायचं, अडकलं तर नवं मागवायचं. त्याचा निवाडा कठोर होता आणि मला तो शंभर टक्के पटतो. चर पडलेलं कव्हर वाचवण्यात शहाणपण नाही.

मग येतं मला सर्वांत आवडणारं दृश्य. जुनी गाइड सहसा अखंड निघत नाही. तापून तापून तपकिरी पडलेलं, काचेसारखं ठिसूळ झालेलं ते प्लास्टिक तुकड्यांनी हाती येतं. मेकॅनिक स्वच्छ फडकं पसरतो, त्यावर तुकडे मांडतो आणि मोडलेल्या कडा एकमेकींशी जुळवत गाइड पुन्हा अख्खी उभी करतो. बोटाच्या पेराएवढी जागा रिकामी राहिली, तर तो तुकडा खाली चेंबरमध्ये आहे आणि कधीतरी ऑइलच्या जाळीवर जाऊन बसणार. तेव्हा चेंबर उतरवलाच पाहिजे. वेळ वाचवण्यासाठी ही मांडामांड टाळणारे पुष्कळ असतात. ती करणाऱ्याच्या कामात मला कारागिराची सचोटी दिसते.

नव्या गाइडमध्ये निवड असते. अस्सल प्लास्टिकचीही मिळते आणि पाठीला पोलादी पत्रा असलेलीही. डाव्या बाजूला मी पोलादी पाठीचीच पसंत करतो. साखळीला लागणारा पृष्ठभाग मऊच राहतो, त्यामुळे आवाज वाढत नाही. पण तडाखा बसला तरी पाठ तुटत नाही आणि साखळी कव्हरपर्यंत पोचत नाही. दोष कुठे आहे ते ओळखून तेवढ्यावरच केलेला हा इलाज आहे, आणि त्याची काटकसर मला फार मोहवते.

साखळी चढवताना क्रँकची चावी थेट वर आणि कॅमची खुंटीही थेट वर आणतात. नव्या साखळीत काही कड्या मुद्दाम चकाकत्या ठेवलेल्या असतात. त्या स्प्रॉकेटवरच्या खुणांशी जुळवायच्या. खुणा जुळल्या एवढ्यावर नवखा समाधान मानतो. मुरलेला माणूस डाव्या अंगाची साखळी बोटाने ओढून बघतो. ती तारेसारखी सरळ हवी, सगळा सैलपणा टेन्शनरच्या बाजूला गेलेला हवा. नाहीतर टेन्शनर भरल्यावर कॅम एका दात्याने चुकलेला निघतो. त्यानंतर क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचा. चावी आणि खुंटी पुन्हा वर येतात, चकाकत्या कड्या मात्र भलतीकडेच गेलेल्या असतात. त्या पुन्हा जुळायला कितीतरी फेरे लागतात, म्हणून इथे घाबरून साखळी उतरवायची नसते. मग कॅमचा बोल्ट ७८ न्यूटन-मीटर आणि पुलीचा १५७, टॉर्क पान्याने मोजून.

बंद करतानाही दोन बारकावे टिपण्यासारखे आहेत. हेडचं पॅकिंग, ब्लॉक आणि कव्हर जिथे एकत्र येतात त्या कोपऱ्यात सीलंटचा एक छोटा ठिपका लागतो. तो विसरला तर महिन्याभरात तिथून ऑइल पाझरतं. दुसरं म्हणजे, ऑइल पंपही कव्हरवरच असल्यामुळे तो उघडून कोरडा झालेला असतो. अनुभवी हात त्याच्या दात्यांत पेट्रोलियम जेली भरतो, म्हणजे पहिल्या फेऱ्यापासून पंप ऑइल ओढू लागतो. मग कॉइलची वायर काढून नुसता सेल्फ फिरवायचा, ऑइलचा दाब येऊ द्यायचा, आणि नंतरच इंजिनाला ठिणगी द्यायची. नव्या गाइडवर पहिलाच तडाखा पडू नये म्हणून घेतलेली ही काळजी आहे, आणि सगळ्या कामाची जाण तिच्यात उतरली आहे.

तुमच्याकडे साखळीचं जुनं पेट्रोल इंजिन असेल आणि सकाळी पुढून खडखड येत असेल, तर आधी टॅपेट कव्हर उघडून गाइड बघून घ्या. काम करून घ्याल तेव्हा समोर उभे राहा, आणि मेकॅनिककडून दोन गोष्टी आवर्जून मागून बघा: जुन्या गाइडचे सगळे तुकडे, आणि कव्हरची आतली बाजू.