वॉकर्टन चौकशी अहवाल : कारण आणि दोष

चौकशी आयोगांचे अहवाल बहुधा संदर्भापुरते चाळले जातात. सलग वाचले जात नाहीत. शिफारशी शासनाकडे जातात, नावे वृत्तपत्रांकडे जातात आणि मधला युक्तिवाद कोणाच्याच वाट्याला येत नाही. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांचा वॉकर्टनविषयक अहवाल मात्र त्या युक्तिवादासाठीच वाचावयास हवा. एखाद्या अनर्थाचे ‘कारण’ कोणते आणि ‘दोष’ कोणाचा, हे दोन प्रश्न एक नव्हेत, हा विवेक त्यात आरंभापासून अखेरपर्यंत पाळलेला आहे.

वॉकर्टन हे कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील सुमारे ४,८०० वस्तीचे गाव. गावाला पाणी मिळे ते विंधन विहिरींतून. मे २००० मध्ये हे पाणी ई. कोलाय ओ१५७:एच७ आणि कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय या जंतूंनी दूषित झाले. ७ माणसे मृत्यू पावली व २,३०० हून अधिक आजारी पडली. अहवालाचा पहिला भाग जानेवारी २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या घटनेची मीमांसा आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आलेला दुसरा भाग संपूर्ण प्रांतातील पाणीपुरवठ्याचा विचार करतो.

दूषित पाणी आले ते मुख्यत्वे पाचव्या क्रमांकाच्या विहिरीतून. १९७८ साली घेतलेल्या या विहिरीचे नळीचे आवरण अवघे ५ मीटर खोल होते आणि पाणी येत होते त्याच्या लगतच्या भेगाळ खडकातून. ८ ते १२ मे या काळातील मुसळधार पावसाने जवळच्या शेतातील शेणखताचे जंतू त्या भेगांवाटे विहिरीत उतरले. अशा पाण्यात क्लोरिन घालतात. ते घाणीशी झुंजताना खर्च होते व काही भाग शिल्लक राहतो. पंधरा मिनिटांच्या संपर्कानंतर लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावे, असा दंडक होता. या शेषाचे महत्त्व दुहेरी आहे. तो औषध आहे, आणि साक्षीदारही आहे. शेष घटला म्हणजे पाण्यात काहीतरी शिरले, असे समजावे.

हा साक्षीदारच येथे मुका करण्यात आला होता. पाणीपुरवठ्याचे कर्मचारी क्लोरिनची मात्रा कमी ठेवीत, रोजचे मोजमाप टाळीत आणि नोंदवहीत बहुधा ०.५ किंवा ०.७५ हेच आकडे लिहीत. पाऊस, ऋतू, गढूळपणा यांपैकी कशाचीही छाया न पडणारे आकडे हाच त्या नोंदींच्या खोटेपणाचा पुरावा होता. वाचणारा मात्र कोणी नव्हता. १७ मे रोजी प्रयोगशाळेने दूषित नमुन्यांचे निष्कर्ष कळविले, तेही केवळ या कर्मचाऱ्यांच्याच कार्यालयाला. आरोग्य खात्याने विचारणा केली असता व्यवस्थापकाने ते दडवून पाणी निर्धोक असल्याची ग्वाही दिली. पाणी उकळून प्यावे, ही सूचना निघावयास २१ मे उजाडला.

एवढ्यावर सामान्य वाचकाचा निवाडा तयार होतो. ओकॉनर येथे थांबत नाहीत. आपल्या न्यायशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर त्यांची पद्धत व्यतिरेकाची आहे : अमुक नसते तर हे घडले असते काय? ही कसोटी ते प्रत्येक उणिवेला स्वतंत्रपणे लावतात आणि प्रत्येक उत्तराची भाषा वेगळी ठेवतात. शिल्लक क्लोरिन रोज मोजले असते, तर साथीची व्याप्ती बहुतांशी घटली असती. १९९६ नंतर तपासणी खाजगी प्रयोगशाळांकडे गेली, त्या वेळी दूषित नमुन्याची वर्दी आरोग्याधिकाऱ्यास देणे सक्तीचे केले असते, तर ३०० ते ४०० माणसे आजारातून वाचली असती. परंतु क्लोरिन व गढूळपणा अखंड मोजणारी यंत्रे त्या विहिरीवर असती, तर साथ टळलीच असती. १९९४ पासून अशा विहिरींसाठी ही अपेक्षा मार्गदर्शक तत्त्वांत नमूद होती. जुन्या विहिरींचे परवाने त्या दृष्टीने पुन्हा तपासण्याची व्यवस्था मात्र शासनाने केली नाही.

म्हणजे सर्वांत लज्जास्पद कृत्य सर्वांत निर्णायक कारण ठरत नाही. निर्णायक ठरते ती एक नीरस, निनावी अनास्था. हा निष्कर्ष दोषींना झाकतो, असा आक्षेप घेता येईल. परंतु तो टिकत नाही. अहवाल त्यांचे असत्य सौम्य शब्दांत सांगत नाही, आणि त्यांच्या शिक्षेचा निवाडा २००४ मध्ये फौजदारी न्यायालयाने केलाच. उलट, न्यायबुद्धीमुळे अहवाल दोन गोष्टी नोंदवितो : शेतकऱ्याने खत रीतीनुसारच घातले होते, त्याला दूषण नाही, आणि हे कर्मचारी स्वतः विहिरीचे कच्चे पाणी पीत असत. भूगर्भातून आलेले पाणी शुद्धच, ही त्यांची श्रद्धा होती. लबाडीच्या मुळाशी द्वेष नव्हता, अज्ञान होते. परीक्षा न देता केवळ अनुभवाच्या आधारे त्यांना प्रमाणपत्रे मिळाली होती, ही बाब या ठिकाणी अर्थपूर्ण होते.

तथापि पहिल्या भागाची एक मर्यादा सांगितली पाहिजे. यंत्र असते तर साथ ‘टळली असती’, हे विधान यंत्र आपोआप इशारा देऊन पंप बंद करील, या गृहीतावर उभे आहे. परंतु त्या यंत्राची देखभाल कोणाकडे असती? नोंदवहीत रोज तोच आकडा लिहिणाऱ्या हातांकडेच. व्यतिरेकाची कसोटी एक दुवा बदलून इतर सारे स्थिर धरते. मानवी व्यवहारात इतर सारे स्थिर राहत नाही. ओकॉनरांना याची जाणीव नव्हती असे नाही. दुसऱ्या भागातील ९३ शिफारशींत स्रोताचे रक्षण, शुद्धीकरण, वितरण, परीक्षण व कर्मचाऱ्यांचे शिक्षण असे एकामागून एक बांध घालण्याचा आग्रह आहे. एक फुटला तरी दुसरा तरावा. हे पहिल्या भागातील निश्चयी विधानाचे मुरडलेले, अधिक परिपक्व रूप होय. म्हणून केवळ पहिला भाग वाचून यंत्रावर विसंबणारा अभ्यासक अहवालाचा अर्धाच अर्थ घेऊन परततो.

लहान गावाच्या पाण्याचा प्रश्न आपण एरवी रसायनशास्त्राकडे किंवा अभियांत्रिकीकडे सोपवितो. तो पुरावा वाचण्याचाही प्रश्न आहे, हे हा अहवाल दाखवितो. वॉकर्टनची नोंदवही कोणी चिकित्सक दृष्टीने वाचली असती, तर तिच्यातील एकसारख्या आकड्यांनीच विहिरीची खरी स्थिती सांगितली असती.