शेजवानची मिरची, शेजवानची खुर्ची

कोणत्याही शहराचा ताळेबंद काढायला तीन रकाने पुरतात: खाणे, पिणे आणि बसणे. पैकी तिसऱ्या शब्दाला हल्ली बाटलीचा वास येऊ लागला आहे. फोनवर 'संध्याकाळी बसू या का?' असे शब्द निघाले, की आमची सौ. स्वयंपाकघरातून कान टवकारते. म्हणून आधीच खुलासा करतो. इथे बसणे म्हणजे बूड टेकणे. खुर्चीवर, बाकावर, पारावर, कुठेही; आणि 'आता उठा' असे कुणी म्हणेपर्यंत.

हे तीन रकाने आज मी एका चिनी शहराच्या नावाने आखणार आहे. सोलापुरातल्या बँक-कारकुनाला चीनशी काय कर्तव्य, असे कुणी विचारील. त्याला उत्तर एवढेच, की चीनबद्दल बोलण्याचा सोलापूरकराला वडिलोपार्जित हक्क आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथे १९१० साली जन्मले, १९३८ साली काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये गेले, आणि १९४२ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. शिजियाझुआंग शहरात त्यांची समाधी आहे, आपल्याकडे भैया चौकाजवळ स्मारक. ज्या सैन्याची त्यांनी शुश्रूषा केली, त्याचे रोजचे अन्न म्हणजे राळे. राळ्याला चिनी भाषेत 'शाओमी' म्हणतात. म्हणजे आमच्या ब्रँचमधली बरीच मंडळी रोज राळ्यावरूनच फोन करतात!

आपण तिकडे डॉक्टर पाठवला. मोबदल्यात इकडे काय आले? चायनीजची गाडी.

सायंकाळी सातनंतर आपल्या कुठल्याही मोठ्या चौकात उभे राहा. लाल गाडी, तिच्यावर पिवळा ड्रॅगन, ड्रॅगनच्या शेपटीपाशी मालकाच्या कुलदैवताचे नाव. भट्टीचा भडका, कढईत झाऱ्याचा खणखणाट आणि समोर चिरलेल्या कोबीचा डोंगर. चायनीज म्हणजे मुळात कोबीला मिळालेले प्रमोशन. घरी ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही, तो इथे मंचुरियन होऊन टेचात बसतो. या मंचुरियनची मंचुरियाशी मात्र तोंडओळखही नाही. चिकन मंचुरियन १९७५ साली मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, नेल्सन वँग यांनी पहिल्यांदा केले असे सांगतात. म्हणजे वंश चिनी असेल, पण जन्मदाखला मुंबईचा.

शेजवानचे तसे नाही. शेजवान खरोखर आहे. सिचुआन या प्रांताचे जुने इंग्रजी स्पेलिंग आपल्या गाड्यांवर येऊन पोचले आणि त्याचे शेजवान झाले. या प्रांताची राजधानी चेंगदू. २०२० च्या जनगणनेत तिथली वस्ती दोन कोटींच्या वर भरली. २०१० साली युनेस्कोने तिला खाद्यसंस्कृतीचे शहर म्हणून मान दिला. तर वाचकहो, आपण रोज जिच्या नावाने ठसका लागून घेतो, त्या राजधानीशी आपली गाडी ताडून पाहायला हरकत नाही.

पहिला रकाना, खाणे. आपल्या गाडीवरचे शेजवान तिखट असते, लाल असते, आणि तेवढेच असते. खऱ्या शेजवानात मिरचीइतकाच मान एका फळाच्या टरफलाला आहे. त्याने जीभ भाजत नाही, बधिर होते, मुंग्या येतात. घाबरू नका, हे फळ आपल्या तिरफळाचा सख्खा चुलतभाऊ. कोकणात बांगड्याच्या आमटीत तिरफळ पडते तेव्हा नेमके हेच होते. म्हणजे शेजवानचे निम्मे रहस्य रत्नागिरीच्या बाजारात मिळते, आणि आपण मात्र बाटलीतला लाल रंग ओतत बसतो.

दुसरा दोष याहून मोठा. चेंगदूकडे एक नामांकित पदार्थ आहे, त्याला इंग्रजीत कुंग पाओ म्हणतात. त्यात काय असते? कोंबडी, सुक्या मिरच्या आणि शेंगदाणे! अहो, सुकी मिरची आणि शेंगदाणा म्हणजे साक्षात सोलापूर. आपल्या उखळातल्या शेंगाचटणीचे हे चिनी सासर. मिरची आणि शेंगदाणा दोन्ही मूळचे अमेरिकेचे. जहाजात बसून निम्मे जग फिरले आणि दोन्ही गावांत घरजावई झाले. जो पदार्थ सोलापूरकराने डोळे मिटून आपला म्हटला असता, तो कोणत्याही गाडीवर मला अजून दिसलेला नाही. शंभरपैकी चाळीस मार्क. पास, पण काठावर.

दुसरा रकाना, पिणे. चेंगदूत चहा देतात तो झाकणाच्या वाटीत. खाली बशी, मध्ये वाटी, वर झाकण. पाने वाटीतच, वरून उकळते पाणी. वाटी संपत आली की झाकण काढून कडेला टेकवायचे, किटलीवाला येऊन पुन्हा पाणी घालतो. पाने तीच, पैसे तेच, पाणी मात्र नवे.

आता आपला चहा. दूध, साखर, आले यांसह एकजीव उकळलेला. चवीला तो मी कुठल्याही चिन्याला हार जाऊ देणार नाही. पण तो चार घोटांत संपतो. त्याच कपात दुसऱ्यांदा गरम पाणी घाला म्हणालो, तर 'का बे, चेष्टा करतो का?' एवढ्यावरच निभावेल याची खात्री नाही. कॉमर्सच्या भाषेत सांगायचे तर त्यांचा चहा म्हणजे आवर्ती ठेव, आपला म्हणजे रोखीचा व्यवहार. व्यवहार संपला की काउंटर सोडायचे.

आणि इथेच तिसरा रकाना उघडतो. चेंगदूच्या पीपल्स पार्कमध्ये हमिंग नावाचे चहागृह आहे, १९२३ सालचे. झाडाखाली बांबूच्या खुर्च्या. एक वाटी घ्यावी आणि बसावे. पेपर वाचावा, डाव मांडावा, वाटल्यास कान कोरून घ्यावा. कान कोरणारे चिमटे वाजवत हिंडतच असतात. दिवसभर कुणी उठवत नाही.

आपल्या गाडीवर मी टेकायच्या आधीच पोऱ्या विचारतो, ''काका, पार्सल का?'' हॉटेलात पाट्या: 'विनाकारण बसू नये', 'राजकीय चर्चा करू नये'. ही दुसरी पाटी मात्र चीनलाही ठाऊक आहे बरे का! लाओ श यांचे 'चहागृह' नावाचे १९५७ सालचे नाटक आहे, त्यातही भिंतीभर असल्याच सूचना. पण तिथे तोंड बंद ठेवायला सांगत, उठायला नव्हे.

गाडीवाल्याला मी दोष देत नाही. चार स्टुलांवर धंदा. एक गिऱ्हाईक रेंगाळले तर तीन प्लेटी बुडाल्या. प्रश्न गाडीचा नाही, गावाचा आहे. आमच्या ब्रँचमध्ये एक निवृत्त गिरणी कामगार जवळजवळ रोज पासबुक भरायला येत. पेन्शन महिन्यातून एकदा जमा होई, पासबुक मात्र रोज छापायचे. एप्रिलच्या ऊनात एसीखालच्या बाकावर तासभर बसत, ओळखीचे कुणी भेटले तर चार शब्द बोलत. मग वरून हुकूम आला, गर्दी टाळण्यासाठी बाक हलवावा. बाक हलला. पासबुकात नवी नोंद नसल्याने त्यांनाही येण्याचे कारण उरले नाही. ते दिसेनासे झाले, आणि काउंटरवर कुणाच्या लक्षातही आले नाही.

बसणे आपल्याला येत नाही असे मात्र कुणी म्हणू नये. थंडीत ज्वारीच्या रानात हुरड्याला बसलेला सोलापूरकर पाहा. आगटीतून एकेक कणीस निघते, हातावर चोळले जाते, शेंगाचटणीचा बोटभर गोळा, आणि गप्पांना अंत नाही. तिथे कुणी घड्याळ बघत नाही, 'पार्सल का?' म्हणत नाही. चेंगदूकर तिथे आला तर खुर्ची न मागता मांडी घालील. अडचण एवढीच, की हुरडा दोन महिने, आणि म्हातारपण बारा महिने.

तेव्हा माझा शेरा असा. शेजवानची मिरची आपण आणली, शेजवानची खुर्ची आणायची राहिली. मिरचीला कढई लागते, तेल लागते, कोबी लागतो. खुर्चीला फक्त सिद्धेश्वर तलावाच्या काठावर झाडाची सावली लागते, आणि उठवायला कुणी नसावे लागते. ताळेबंदात हा खर्च सगळ्यांत कमी आहे. म्हणूनच बहुधा तो कुणी मंजूर करीत नाही.