दिवाळी अंक सरल्यावर

मराठी वाचकाचे वर्ष पाडव्याला नव्हे, दिवाळीला सुरू होते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी अंक असणे ही हळूहळू घराघरांतली रीत झाली. इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ अंक त्याआधी अर्धशतकभर रूढ होते. चार्ल्स डिकन्सची ‘ए ख्रिसमस कॅरोल’ १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाली आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत तिच्या ६,००० प्रती संपल्या. सणाच्या सुट्टीत माणसाला वाचावेसे वाटते, ही गोष्ट सर्वत्र सारखीच आहे. प्रश्न आहे तो, तो काय वाचतो आणि कसे वाचतो, याचा.

दिवाळी अंकाचे ऋण मोठे आहे. कथा, कविता, ललित लेख, प्रवासवर्णन, व्यंगचित्र अशी विविधता एका वेष्टनात मिळते. नवा लेखक येथेच प्रथम भेटतो. परंतु या अंकांनी वाचकाला एक सवयही लावली आहे. तो चाळतो, निवडतो, अर्धे वाचतो आणि पुढल्या अंकाकडे वळतो. वाचनालयात अंक परत करण्याची मुदत ठरलेली असते, त्यामुळे वाचनाला घाईचे रूप येते. दिवाळी अंकाचा हा दोष म्हणता येणार नाही. त्याचे कामच रुची जागवण्याचे आहे. मात्र जागी झालेली रुची पुढे कोठे न्यावयाची, याचे उत्तर अंक देत नाही. ते डिसेंबरात शोधावे लागते.

आमच्या नागावसारख्या अष्टागरातील गावी या प्रश्नाला निसर्गाचेही साहाय्य आहे. नारळी-पोफळीच्या वाड्यांत पावसाळाभर ओल मुरलेली असते. कपाटातील पुस्तकांना बुरशीचा वास येतो, पाने एकमेकांना चिकटतात. पावसानंतर ऊन स्थिरावले की पुस्तके बाहेर काढून वाळवावी लागतात. भातकापणी उरकते, रात्री मोठ्या होतात, हवेत सुखद गारवा येतो आणि पुढे वालाच्या शेंगांच्या पोपटीचे वेध लागतात. त्याच वेळी नाताळ ते नववर्ष या आठवड्यात किनारा पर्यटकांनी गजबजून जातो. ज्यांना या गर्दीवर पोट भरावयाचे आहे त्यांना तेव्हा उसंत नसते, हे खरे. म्हणूनच त्याआधीच्या आगमनकाळाच्या चार आठवड्यांतील संध्याकाळी मोलाच्या आहेत.

या संध्याकाळींसाठी दोन ग्रंथ सुचवावेसे वाटतात. दोन्ही नावाने परिचित आहेत, आणि हीच त्यांची अडचण आहे.

पहिला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र शाळेची पायरी न चढलेल्या एका स्त्रीचे आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. मधली पाच वर्षे हा या ग्रंथाचा गाभा होय. सोवळेओवळे जिवापाड जपणारी ही स्त्री ते स्वतःच्या विचाराने टाकून देते. पतीच्या आज्ञेने नव्हे, कोणा उपदेशकाच्या वक्तृत्वानेही नव्हे. सर्वसाधारण मराठी वाचक या पुस्तकातील विनोद तेवढा आठवतो, आणि आपला ख्रिस्ती वाचक लक्ष्मीबाई ‘आपल्या’ असल्याचे अभिमानाने सांगून थांबतो. विनोदाखालचे दुःख आणि अभिमानापलीकडची निर्भयता या दोन्ही गोष्टी पुस्तक सलग वाचल्यावाचून हाती लागत नाहीत. तिची भाषा बोलती आहे. म्हणून ती मोठ्याने वाचावी.

दुसरा ग्रंथ फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेज्वीत धर्मगुरूचे पुराण १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या आज प्रत्येक समारंभात ऐकू येतात. त्यांच्या मागच्या-पुढच्या ओव्या मात्र वक्त्याने वाचलेल्या असतातच असे नाही. सुमारे ११,००० ओव्यांच्या ग्रंथाची ओळख मूठभर ओव्यांवर भागवणे हा त्या ग्रंथाचा गौरव नव्हे, ते त्याचे सोयीस्कर विस्मरण आहे.

पुराण वाचू लागताच वेगळाच कवी भेटतो. ग्रंथाच्या आरंभीच श्रोता पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणे गेली, त्यांच्या जागी आम्हांस काय दिलेत? संपूर्ण काव्य हे या प्रश्नाचे उत्तर आहे. वाचनाची भूक रिकामी ठेवता येत नाही, हे स्टीफन्सने ओळखले होते. त्याने ओवी स्वीकारली, स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले, आणि लोकांना समजावे म्हणून ग्रांथिक मराठीत स्थानिक बोलीची भर घातली. देवळांतून रविवारी आणि सणावारी ते वाचले जात असे. म्हणजे ते मुळात कानांसाठीच रचलेले आहे. एकट्याने मुक्याने वाचणाऱ्यास ते जड वाटते याचे एक कारण हेच असावे.

दुसरे कारण लिपीचे होते, पण ते आता उरलेले नाही. १९०७ ची मंगळूरची सालढाणा यांची आवृत्ती रोमन लिपीत होती. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती सिद्ध केली, आणि त्यानंतर फादर द्रागो व फादर नेल्सन फलकाव यांनी आधुनिक वाचकाची वाट अधिक सुकर केली. कुंडलिकेपलीकडच्या कोर्लई गावात ख्रिस्ती कुटुंबे घरी पोर्तुगीजपासून झालेली बोली बोलतात आणि मुले शाळेत मराठी शिकतात. अशा भाषिक सरमिसळीत वाढलेल्या वाचकाला स्टीफन्सची मिश्र मराठी परकी वाटण्याचे कारण नाही.

कोणी म्हणेल, चारशे वर्षांपूर्वीचे काव्य सुट्टीत कोण वाचणार? आक्षेप रास्त आहे. परंतु सगळे एकदम वाचा असे कोणी म्हणत नाही. पहिल्या पुराणात ३६ व दुसऱ्यात ५९ अवस्वरू आहेत. रोज एक वाचल्यास १ नोव्हेंबरला, सकल संतांच्या सणी, आरंभ करून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ग्रंथ पुरा होतो. तेवढे जमत नसेल तर ख्रिस्तजन्माची कथा असलेल्या दुसऱ्या पुराणापासून सुरुवात करावी. घरातील एकाने वाचावे, इतरांनी ऐकावे, अडलेला शब्द वडीलधाऱ्यांना विचारावा. पुष्कळदा तो त्यांच्या बोलण्यात अद्याप जिवंत असल्याचे आढळेल. दिवाळी अंकांनी चाळवलेली भूक अशा वाचनाने भागते की नाही, हे एका हिवाळ्यात कळून येईल.