निर्मांस पुनर्लेखन आणि पाकस्मृती : मराठवाड्याच्या संदर्भात एक विचार

१

पाककृतींच्या पुस्तकांची गणना आपल्याकडे सामान्यतः वाङ्मयात होत नाही. गृहिणींस उपयुक्त असे साहित्य, एवढेच त्यांचे स्थान मानले जाते. परंतु एखादी पाककृती जेव्हा दुसऱ्या पाककृतीचे जाणूनबुजून केलेले पुनर्लेखन असते, तेव्हा मुळातले काय राखावयाचे, काय टाकावयाचे आणि ते कोणत्या कारणास्तव, याचा निवाडा ती करीत असते. जेथे निवाडा आहे तेथे समीक्षेस वाव आहे. प्रस्तुत लेखात परंपरागत मांसाहारी पदार्थांच्या निर्मांस पुनर्लेखनाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीयांचे ‘सोल फूड’ आणि मराठवाड्यातील दलित स्वयंपाकघर ही दोन उदाहरणे घेतली आहेत. शिरूर कासारसारख्या ज्वारी-बाजरीच्या, अपुऱ्या पावसाच्या आणि ऊसतोडीसाठी दरवर्षी माणसे बाहेर पाठविणाऱ्या तालुक्याच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही, असे आमचे मत आहे.

या दोन स्वयंपाकघरांची तुलना केवळ कल्पनेची नव्हे. ज्वारी मूळची आफ्रिकेची, चवळीही तेथलीच. हीच चवळी गुलामांच्या व्यापाराबरोबर अमेरिकेत गेली आणि तेथील नववर्षदिनाच्या भातात जाऊन बसली. भेंडी व तीळ हेही त्याच वाटेने तेथे पोहोचले. सिंदफणेच्या काठच्या भाकरीचे धान्य आणि मिसिसिपीकाठच्या कडधान्याचे बी यांचे माहेर एकच आहे. दोन्हीकडे उच्च मानलेल्या वर्गाने चांगले तुकडे आपल्याकडे ठेवले. आतडी, पाय, मुंडके, रक्त यांना चव आणण्याची विद्या दुसऱ्यांनी कमावली.

२

‘सोल फूड’ ही संज्ञा रूढ झाली ती १९६० नंतरच्या दशकात, कृष्णवर्णीयांच्या स्वाभिमानाच्या चळवळीबरोबर. अमिरी बराका यांनी याच नावाचा निबंध लिहिला व तो १९६६ च्या त्यांच्या ‘होम’ या संग्रहात आला. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, या अन्नाचा गौरव आणि त्याचा निषेध हे दोन्ही एकाच काळात व एकाच समाजात झाले. एलायजा मुहम्मद यांनी १९६७ च्या ‘हाऊ टु ईट टु लिव्ह’ या पुस्तकात डुकराचे मांस तर निषिद्ध ठरविलेच, पण चवळीसारखे दक्षिणेचे परिचित अन्नही त्याज्य मानले. त्यांच्या दृष्टीने ते गुलामीचे अन्न होते. विनोदकार डिक ग्रेगरी यांनी १९७३ साली आहारविषयक पुस्तक लिहून शाकाहाराचा पुरस्कार केला, तो आरोग्य आणि अहिंसा या दोन्ही भूमिकांवरून. म्हणजे १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांचे सहकारी यांनी ‘व्हीगन’ हा शब्द घडविला, त्या विचारापासून स्वतंत्रपणे कृष्णवर्णीय समाजात मांसत्यागाची स्वतःची एक परंपरा तयार होत होती.

या परंपरेचे आजचे प्रमुख लेखक म्हणजे ब्रायंट टेरी. त्यांचे ‘व्हीगन सोल किचन’ २००९ साली व ‘ॲफ्रो-व्हीगन’ २०१४ साली प्रसिद्ध झाले. टेरी यांचा मुख्य युक्तिवाद ऐतिहासिक आहे. पूर्वजांचे रोजचे जेवण परसातील पालेभाज्या, रताळी, कडधान्ये यांचे होते. तळलेले मांस व गोडधोड हे सणासमारंभाचे अन्न होते. पुढे बाजाराने सणाचे अन्न रोजचे केले आणि त्यालाच परंपरा असे नाव मिळाले. यास्तव मांस वगळणे हा परंपरेचा त्याग नसून तिच्या एका विसरलेल्या भागाकडे परतणे होय. ही मांडणी प्रामाणिक आहे आणि तिच्यात पुष्कळ तथ्य आहे. कोलार्डची पाने डुकराच्या खारवलेल्या हाडाबरोबर तासन्‌तास शिजविण्याऐवजी ती थोडा वेळ परतून त्यांत संत्र्याचा रस व मनुका घालण्याची त्यांची कृती मांसाची नक्कल करीत नाही. पानाला पान म्हणून मान देते.

तथापि या युक्तिवादाची एक मर्यादा सांगितली पाहिजे. परसातील भाजीकडे परतताना आतड्यांचा प्रश्न न सुटता मागेच राहतो. ज्या पदार्थांत अपमान आणि कौशल्य एकत्र शिजले होते, ते पदार्थ निर्मांस ग्रंथात बहुधा येतच नाहीत. आणि त्यांच्याबरोबर त्या अपमानाची नोंदही गळते. परंपरेतील सुखकर भाग निवडून घेणे हा लेखकाचा अधिकार आहे. समीक्षकाने मात्र निवड झाली आहे हे दाखवून दिले पाहिजे.

३

मराठवाड्याच्या बाजूने पाहता दोन लेखनकृती महत्त्वाच्या आहेत. पहिली, पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री-अभ्यास केंद्रातून २००९ साली शर्मिला रेगे व त्यांचे सहकारी यांनी सिद्ध केलेले ‘इझन्ट धिस प्लेट इंडियन?’ हे पुस्तक. दलितांच्या अन्नविषयक आठवणी अभ्यासाचा विषय होऊ शकतात, हे त्याने विद्यापीठाच्या वर्गात प्रस्थापित केले. दुसरी, शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५). भूषण कोरगांवकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ साली प्रसिद्ध झाला. जेवणापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या परिचित श्लोकातील ‘पूर्णब्रह्म’ या शब्दाला एक ‘अ’ जोडून पाटोळे यांनी आपली संपूर्ण भूमिका शीर्षकातच मांडली आहे. ज्यांच्या पानात अन्न पुरेसे आलेच नाही, त्यांना ते पूर्णब्रह्म कसे वाटावे?

या पुस्तकात महार आणि मांग समाजांच्या खाद्यजीवनाची नोंद आहे. वजडी, रक्ती, उन्हात वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या यांबरोबरच रानभाज्या, भाकरी, कोरड्यास यांचेही वर्णन त्यात येते. कृती थोडक्यात आहेत, कारण साहित्यच थोडके होते. तेल-तूप मुबलक असणाऱ्या घरांचा विस्तार येथे संभवत नाही. हे दारिद्र्य लेखकाने सजविले नाही आणि लपविलेही नाही. हाच या पुस्तकाचा गुण.

४

आता निर्मांस पुनर्लेखनाचा प्रश्न येथे उभा केला, तर तो अमेरिकेपेक्षा अधिक अवघड होतो. याचे कारण असे की, मराठी समाजात मांसत्याग हा कोरा शब्द नाही. त्याचे निदान चार निरनिराळे अर्थ आहेत.

पहिला अर्थ वारकरी. शिरूर कासारजवळच, पाथर्डी तालुक्यात भगवानगड आहे. भगवानबाबा (१८९६–१९६५) यांनी या डोंगरपट्ट्यातील कष्टकरी समाजाला माळ, कीर्तन आणि शिक्षण यांच्याकडे वळविले. पशुहत्या व व्यसन सोडण्याचा उपदेश केला. येथे मांसत्यागाची प्रेरणा भक्तीची व लोकसुधारणेची आहे. दुसरा अर्थ डॉ. आंबेडकरांचा. १९२७ च्या मार्चमध्ये महाड येथील परिषदेत मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन झाले. त्यात शुद्धाशुद्धतेची जुनी कल्पना नव्हती. लादलेले काम व त्याबदली मिळणारे लाचारीचे अन्न नाकारण्याचा तो निर्धार होता. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी गोमांसभक्षण आणि अस्पृश्यतेची उत्पत्ती यांचा संबंध जोडून दाखविला, तो या अन्नामागील सत्ता उघड करण्यासाठी. तिसरा अर्थ सक्तीचा. १९७६ च्या कायद्याने महाराष्ट्रात गोहत्या बंद होती. मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या दुरुस्तीने बैल व वळू यांची कत्तलही बंद झाली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरविणारे कलम मात्र रद्द केले. योगायोग असा की, पाटोळे यांचे पुस्तक याच २०१५ सालातले आहे. त्यातील काही कृती छापून येत असतानाच कायद्याने केवळ स्मृती होत होत्या. चौथा अर्थ अलीकडचा, नागरी व्हीगन विचाराचा : प्राणिमात्राविषयी करुणा, पर्यावरण, आरोग्य.

सोडलेले, नाकारलेले, हिरावलेले आणि निवडलेले, असे हे चार त्याग ताटात एकसारखेच दिसतात. चारही ताटांत मांस नाही. परंतु त्यांचा अर्थ एक नाही. पुनर्लेखन करणाऱ्याने आपण यांपैकी कोणत्या वाटेने आलो हे सांगितले नाही, तर त्याच्या कृतीला जुन्या सोवळ्याचा वास येणे अपरिहार्य आहे. त्याचा हेतू कितीही निर्मळ असो.

५

प्रत्यक्ष पदार्थांवर ही कसोटी लावून पाहू. वजडीच्या जागी सोयाबीनच्या वड्या घालणे हा सर्वांत सोपा पर्याय. चिवटपणा थोडाफार जमतो. काळ्या मसाल्यात रंगही येतो. पण वजडीचे पाककौशल्य आहे ते पुनःपुन्हा धुण्यात, वास घालविण्यात, दीर्घकाळ शिजविण्यात. म्हणजेच टाकाऊ ठरविलेल्या वस्तूला खाण्याजोगे करण्यात. सोयावडी पाण्यात भिजवून पिळली की काम संपते. गंमत अशी की, सोयावडीदेखील एका अर्थी शेषान्नच आहे. तेल काढून घेतल्यावर उरलेल्या पेंडीपासून ती बनते, आणि सोयाबीनचे पीक तर आज मराठवाड्याच्या शिवारात सर्वत्र आहे. हा धागा पकडून कोणी लिहिले तर त्या प्रतिपदार्थाला स्वतःचा अर्थ लाभेल. केवळ ‘मटणासारखे लागते’ असे म्हटल्याने तो लाभत नाही.

रक्तीचा प्रश्न निराळा आहे. तापविल्यावर रक्त गोठते व त्याचा भुगा होतो. दिसण्यापुरता झुणका त्याच्या जवळ जाईल. परंतु रक्तातील लोह शरीर जितक्या सहजतेने घेते तितके वनस्पतीतील लोह घेत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांत ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. उसाच्या फडात पहाटेपासून मोळ्या उचलणाऱ्या बाईसाठी कृती लिहिताना रुचीचाच विचार करून भागणार नाही. बाजरी, तीळ, पालेभाज्या यांच्यासोबत लिंबाची फोड का हवी, जेवणाला लागून चहा का नको, आणि ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीत नसल्याने ते बाहेरून का घ्यावे लागते, हे तेथे सांगितले पाहिजे. ज्या पुनर्लेखनात हे नाही, त्याची करुणा जनावरापाशी थांबते आणि माणसापर्यंत पोहोचत नाही.

चान्यांच्या बाबतीत मात्र परंपरेनेच उत्तर देऊन ठेवले आहे. चानी म्हणजे पुढच्या टंचाईसाठी केलेली तरतूद. हरभऱ्याचा वाळविलेला पाला, वांग्याच्या काचऱ्या, वाळविलेल्या गवारीच्या शेंगा आणि सांडगे हीही तशीच तरतूद. येथे प्रतिपदार्थ शोधावयाचा नाही. शेजारचे मडके उघडावयाचे आहे.

सर्वांत बोधप्रद उदाहरण मासवडीचे. जुन्नर-अहिल्यानगरच्या पट्ट्यात प्रसिद्ध असलेली ही वडी बेसनाची. शिजविलेले पीठ ओल्या फडक्यावर थापून त्यात तीळ, सुके खोबरे, कांदा, लसूण यांचे सारण भरतात, माशासारखा आकार देऊन कापतात आणि झणझणीत रश्शाबरोबर भाकरीशी खातात. दूध नाही, तूप नाही. व्हीगन हा शब्द जन्मण्याची वाट न पाहता ही वडी त्या कसोटीस उतरलेली आहे. तिने आकार उसना घेतला, रश्शाचा थाट उसना घेतला. पण बेसन बेसनच राहिले. खाणाऱ्याला फसविण्याचा तिचा प्रयत्न नाही. मराठवाड्याचा येसरही असाच दोन्ही पंक्तींत वावरणारा : मांसाच्या रश्शाला दाटपणा देणारे हे भाजलेल्या धान्याचे पीठ साध्या आमटीलाही तितकाच दाटपणा देते. चवीचे व्याकरण मांसात नसून मसाल्यात व पिठात आहे, हे या दोन पदार्थांवरून सिद्ध होते.

६

सारांश, निर्मांस पुनर्लेखन सरसकट त्याज्य नाही आणि सरसकट पुण्यप्रदही नाही. पूर्वजांनी उपासमारीत जे खाल्ले तेच वंशजांनी अभिमानाखातर खात राहावे, असा आग्रह धरणे अन्यायाचे होईल. महाडचा निर्धार त्या आग्रहाच्या विरुद्धच उभा आहे. परंतु न खाण्याचा हक्क वेगळा आणि नोंद पुसण्याचा हक्क वेगळा. पहिला प्रत्येकाला आहे. दुसरा कोणालाच नाही.

यावरून समीक्षेसाठी तीन साधे प्रश्न हाती येतात. पुनर्लेखन करणारा मूळ पदार्थाचे नाव व तो खाणाऱ्यांचे नाव राखतो काय? आपल्या त्यागाचा प्रकार स्पष्ट सांगतो काय? आणि ज्या श्रमिक देहासाठी तो पदार्थ होता, त्या देहाची भूक त्याच्या हिशेबात आहे काय? टेरी यांचे लेखन पहिल्या दोन प्रश्नांना चांगले उतरते. तिसऱ्याबाबत अगावेचा रस व ऑलिव्हचे तेल मागणाऱ्या कृतींकडे बोट दाखविता येईल. मराठीत असे पुस्तक कोणी लिहू घेतले, तर त्याची सुरुवात सोयावडीपासून न होता तांदुळजा, घोळ, पाथरी, अंबाडी आणि हुलग्याच्या शेंगोळ्यांपासून व्हावी. आणि वजडीचे पान त्यात कोरे सोडले, तरी त्या पानावर वजडी हे नाव छापलेले असावे.

आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे काम आहे. शिरूर कासार तालुक्यातील ऊसतोड कुटुंबांच्या कोपीत पहाटे काय शिजते, कोण काय सोडले म्हणून सांगतो आणि कोणत्या कारणासाठी, याची नोंद आजीच्या पिढीकडून आत्ताच घेतली पाहिजे. त्या कृती तिच्या हातात आहेत. त्या कागदावर उतरण्याआधीच त्यांचे पुनर्लेखन झाले, तर मूळ संहिता कोणती होती हे सांगावयास कोणी उरणार नाही.