‘लोपलेलें कर्तव्य’ : एका पुस्तिकेचें परीक्षण

इ. स. १९८१ च्या ऑक्टोबरच्या ६ तारखेस कैरो येथें, १९७३ च्या युद्धाच्या स्मरणार्थ चाललेल्या लष्करी संचलनांत, इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात ह्यांचा त्यांच्याच सैन्यांतील एका अधिकाऱ्यानें व त्याच्या साथीदारांनीं खून केला. मारेकऱ्यांच्या हातांत बंदुका होत्या. पण त्यांच्या पाठीशीं एक लहानशी पुस्तिका होती. ‘अल्-फरीदा अल्-गाइबा’, म्हणजे ‘लोपलेलें कर्तव्य’, हें तिचें नांव. तिचा लेखक अब्द अस्-सलाम फरज हा विजेच्या कामांत शिकलेला. धर्मशास्त्राचें रीतसर अध्ययन त्याचें नव्हतें. ह्या कटाबद्दल १९८२ च्या एप्रिलमध्यें त्यास देहान्त शासन झालें. यान्सेन ह्या डच पंडितानें १९८६ सालीं पुस्तिकेचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें.

असल्या पुस्तिकेचें परीक्षण तें काय करावयाचें, असें कोणी विचारील. आमच्या सुशिक्षित मंडळींत ह्या विषयावर दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, अशा कृत्यांशीं धर्मग्रंथाचा कांहींएक संबंध नाहीं. दुसरा म्हणतो, सारा दोष धर्मग्रंथाचाच. दोन्ही मतांचा एक मोठा लाभ असा कीं, त्यांपैकीं कोणतेंहि पत्करलें तरी ग्रंथ उघडून पाहण्याचे श्रम वांचतात. ते श्रम थोडेसे येथें करावे, एवढाच आमचा हेतु आहे.

फरजचें म्हणणें थोडक्यांत असें: सशस्त्र जिहाद हें प्रत्येक मुसलमानाचें कर्तव्य असून तें लोप पावलें आहे, आणि दूरच्या शत्रूपेक्षां जवळचा शत्रु, म्हणजे धर्मभ्रष्ट स्वकीय राज्यकर्ता, ह्याच्याशीं आधीं लढलें पाहिजे. पुस्तिकेंत लेखकाचे स्वतःचे शब्द थोडे, जुन्या आचार्यांचीं अवतरणें फार. तिचें सामर्थ्य ह्यांतच आहे. वाचकास वाटावें कीं, हा तरुण कांहींच बोलत नाहीं. बोलतात तीं शास्त्रें.

त्याचें एक मुख्य आधारवचन कुराणाच्या नवव्या सूऱ्यांतील पांचवी आयत, जिला ‘तलवारीची आयत’ म्हणतात ती होय. अनेकेश्वरवादी जेथें सांपडतील तेथें त्यांस मारावें, अशी तींत आज्ञा आहे. ती मऊ शब्दांनीं झांकण्याचें कारण नाहीं. ह्या एका आयतीनें क्षमा व सहनशीलता सांगणाऱ्या शंभराहून अधिक आयती रद्द झाल्या, हें जुन्या भाष्यकारांपैकीं कांहींचें मत फरज पुढें करतो. उत्तरवचनानें पूर्ववचन रद्द होतें, हा ‘नस्ख’चा सिद्धान्त इस्लामी शास्त्रांत आहे खरा, पण कोणतीं वचनें रद्द झालीं, ह्याविषयीं त्याच शास्त्रकारांत शतकानुशतकें वाद आहे. फरज त्यांतील मत घेतो आणि वाद टाकतो.

ग्रंथाचें तात्पर्य ठरवितांना उपक्रम आणि उपसंहार पाहावे, असें आमच्या मीमांसकांनीं सांगितलें आहे. तीच कसोटी येथें लावूं. सूऱ्याचा आरंभ अनेकेश्वरवादी अरबांशीं झालेले करार संपविण्याच्या घोषणेनें होतो. चौथ्या आयतींत, ज्यांनीं करार पाळला त्यांच्याशीं तो मुदतीपर्यंत पाळावा, असा अपवाद आहे. पांचवीच्याच शेवटीं, ते पश्चात्ताप पावून प्रार्थना व दान करूं लागल्यास त्यांस मोकळें सोडावें, असें आहे. आणि सहावी आयत सांगते कीं, त्यांपैकीं कोणी आश्रय मागितला तर तो देऊन त्यास निर्भय स्थळीं पोंचवावें. फरजच्या युक्तिवादांत ह्या शेजारच्या वचनांस कांहीं वजन नाहीं.

शिवाय सादात तर मुसलमान. त्यांस ही आयत कशी लागू पडावी? ह्यासाठीं फरज दमास्कसचा शास्त्री इब्न तैमिय्या (१२६३–१३२८) ह्याच्याकडे वळतो. मंगोल राजे मुसलमान झाल्यावरहि सीरियावर स्वाऱ्या करीतच होते. ते चेंगीझखानाचा कायदा मानतात, तेव्हां त्यांच्याशीं लढावें, असा निर्णय इब्न तैमिय्यानें दिला होता. फरज तोच इजिप्तच्या राज्यकर्त्यांस लावतो. इजिप्तचे तत्कालीन मुफ्ती जाद अल्-हक्क ह्यांनीं १९८२ च्या आरंभीं दिलेल्या उत्तरांत हें साम्यच नाकारलें आहे.

ह्याच शास्त्र्याचा दुसरा एक निर्णय फरजनें घेतला आहे, त्याची हकीकत अधिक बोधप्रद आहे. मंगोलांच्या सत्तेखालील मार्दीन हें गांव ‘युद्धभूमि’ कीं ‘शांतिभूमि’, असा प्रश्न आला असतां इब्न तैमिय्यानें उत्तर दिलें कीं, तें दोहोंहून निराळ्या, मिश्र प्रकारचें आहे; तेथील मुसलमानाशीं त्याच्या योग्यतेप्रमाणें वागावें, व धर्मनियमाबाहेर गेलेल्याशींहि त्याच्या योग्यतेप्रमाणें वागावें. १९०९ सालच्या छापील आवृत्तींत ह्या दुसऱ्या ठिकाणीं ‘युआमल’, म्हणजे वागावें, ह्याऐवजीं ‘युकातल’, म्हणजे लढावें, असें छापलें गेलें. अरबी लिपींत फरक दोन अक्षरांचा! दमास्कसच्या हस्तलिखितांत आणि इब्न मुफ्लिह ह्या शिष्याच्या ग्रंथांत मूळ शब्द शाबूत होता. पण पुढील आवृत्त्यांनीं चुकीचाच पाठ चालविला, आणि फरजच्या पिढीच्या हातीं तोच आला. अब्दुल्ला बिन बय्या प्रभृति विद्वानांनीं २०१० च्या मार्चमध्यें त्याच मार्दीनमध्यें परिषद भरवून ही चूक जाहीर केली.

हें वाचून आमच्या वाचकांनीं परक्याच्या घरचें उणें म्हणून हंसूं नये. सहगमनास आधार म्हणून ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील एक ऋचा पुढें केली जाई, तींत ‘अग्रे’च्या ठिकाणीं ‘अग्नेः’ असा पाठ असे. मूळ ऋचा सधवा स्त्रियांविषयीं आहे. आणि तिच्या लगतचीच ऋचा मृताजवळ बसलेल्या स्त्रीस ऊठ, जिवंतांच्या जगांत ये, असें म्हणते. येथेंहि शेजारचें वचन कोणीं वाचलें नाहीं.

पण पाठ शुद्ध झाला म्हणजे हिंसा थांबते काय? तसा भ्रम आम्हांस नाहीं. सतीची चाल १८२९ च्या कायद्यानें बंद झाली. विल्सन वगैरे पंडितांनीं शुद्ध पाठ दाखविला तो त्यानंतर. मार्दीनचा शब्द सुधारला तरी मंगोलांविरुद्धचे इब्न तैमिय्याचे कठोर निर्णय राहतातच. आणि मुफ्तींचें उत्तर कितीहि विद्वत्तेचें असलें, तरी ज्या तरुणांस सरकारच शत्रु वाटत होतें त्यांस सरकारनें नेमलेल्या शास्त्र्याचा शब्द कसा पटावा? फरज निकाल ठरवून ग्रंथाकडे गेला होता. ग्रंथाकडून त्यास फक्त सही पाहिजे होती.

मग ह्या खटाटोपाचा उपयोग काय? उपयोग असा कीं, ‘मी मारीत नाहीं, ग्रंथ मारवितो’ ही मारेकऱ्याची सबब टिकत नाहीं. शंभर वचनांतून एक निवडलें तें त्यानें. शेजारचें टाकलें तें त्यानें. चौदाव्या शतकाचा निर्णय विसाव्यास लावला तोहि त्यानेंच. निवड त्याची, तर पापहि त्याचें.

आणि जातां जातां आणखी एक गोष्ट. जे लोक इस्लामचा द्वेष करतात त्यांच्याहि तोंडीं हीच पांचवी आयत असते, आणि तेहि सहावीपर्यंत पोंचत नाहींत. कुराणाच्या अर्थाविषयीं फरज आणि हे त्याचे वैरी ह्यांचें पूर्ण एकमत आहे! सामान्य श्रद्धाळू मुसलमानास मात्र दोघांचाहि जाच होतो. आपल्या घरांत जेव्हां कोणी असें एकच वचन काढून साऱ्या समाजाचा निवाडा करूं लागेल, तेव्हां वडील मंडळींनीं त्याच्याशीं वाद घालूं नये. ग्रंथ पुढें ठेवून, आतां पुढील ओळ वाच, एवढेंच सांगावें.