पोकळी गेली, तार उरली

आजचा विषय फलकावर लागला तेव्हा सकाळी फिरायला येणाऱ्या एका मित्राने मला गाठलं. म्हणाला, "सर, तत्त्वज्ञान सोडून वाजंत्र्यांत कधी शिरलात?" मी म्हटलं, शिरलो नाही, ओढला गेलो. कोणी ओढलं ते आधी सांगतो, म्हणजे विषयही कळेल.

माझा नातू पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. त्याने साठवलेल्या पैशांतून इलेक्ट्रिक अपराइट बास घेतला. हे काय असतं? डबल बास तुम्ही ऐकलेला आहे, नाव माहीत नसेल एवढंच. जुन्या हिंदी चित्रपटगीतांत तबल्याच्या ठेक्याखाली एक भारी, गोल 'दुम्‌ दुम्‌' चालू असते, ती बहुतेक वेळा त्याची. मुंबईच्या स्टुडिओंतल्या पाश्चात्त्य वाद्यांच्या ताफ्यात गोव्याहून आलेले वादक पुष्कळ होते, त्यांनी हा आवाज आपल्या कानात बसवला. माणसाहून उंच वाद्य, उभं राहून वाजवायचं, बोटाने छेडायचं किंवा गजाने. चार तारा. सगळ्यांत जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंपते, सगळ्यांत बारीक ९८ वेळा. म्हणजे आपल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेचं जे काम, ते काम या वाद्याचं.

आता या वाद्याचं मोठं पोकळ पोट काढून टाका. नुसती दांडी, खुंट्या, घोडी आणि तारा ठेवा. घोडीपाशी पिकअप बसवा, तो तारेचं कंपन विजेत बदलतो आणि पुढचं काम अँप्लिफायर करतो. हा इलेक्ट्रिक अपराइट बास. रेल्वेने नेता येतो, रात्री कानाला हेडफोन लावून रियाझ करता येतो, शेजारी भांडत नाहीत. सोय मोठी आहे, मी तिची थट्टा करणार नाही.

दिवाळीत नातू वाद्य घेऊन यवतमाळला आला. बोटाने बरं वाजवलं. मग गज ओढला आणि घरातलं मांजर उठून बाहेर गेलं. एकदा किंकाळी निघायची, एकदा गज नुसता घसरायचा, आवाजच नाही. पोराने गज खाली ठेवला आणि म्हणाला, "आबा, माझ्या हातातच नाही ते. शिकवणारे सरही तेच म्हणाले. विकून टाकतो." मी विचारलं, तारा कोणत्या आहेत? तो म्हणाला, "इलेक्ट्रिक आहे आबा, तार कोणतीही चालते. आवाज अँपमध्ये बनतो."

मंडळी, ही दोन वाक्यं नीट ऐका. 'तार कोणतीही चालते' आणि 'माझ्या हातातच नाही'. पहिलं वाक्य चुकीचं आहे म्हणून दुसरं जन्माला आलं. साधनाचा दोष माणसाने स्वतःच्या अंगावर घेतला. चाळीस वर्षं वर्गात उभा राहिलो, 'माझ्या डोक्यातच नाही' म्हणणारी किती तरी पोरं पाहिली. त्यांतल्या कितीकांच्या हातात चुकीचं पुस्तक होतं, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून आजची टीका त्या पहिल्या वाक्यावर आहे.

संयुत्तनिकायात वीणेचा एक दृष्टान्त येतो. एका राजाने कधी वीणा ऐकलेली नसते. आवाज ऐकून तो मोहून जातो. वीणा समोर आणतात, तर तो म्हणतो, ही वीणा नको, मला तो आवाज तेवढा आणून द्या. लोक समजावतात की महाराज, आवाज असा सुटा नसतो. पोट, चामडं, दांडी, तारा, नखी आणि वाजवणाऱ्याचा प्रयत्न, एवढं सगळं मिळून तो होतो. राजाला पटत नाही. तो वीणा फोडतो, तुकडे करतो, जाळतो, राख वाऱ्यावर उडवतो. आवाज काही सापडत नाही. बुद्धांना तिथे 'मी' कुठे सापडत नाही हे दाखवायचं होतं. मला मात्र नातवाचं वाद्य पाहून तो राजा आठवला. आपणही म्हणतो, पोट नको, आवाज तेवढा द्या. फरक इतकाच की आपण पोटापाशी थांबलो. तार, गज आणि प्रयत्न अजून शिल्लक आहेत. यादीतलं एक नाव खोडलं, तर त्याचा भार उरलेल्यांवर पडणार की हलका होणार? उघड आहे, पडणार.

हे भावनेने बोलत नाही. माझा प्रबंध वैशेषिकांच्या शब्दविचारावर होता. वैशेषिक म्हणतात, शब्द तीन प्रकारे उपजतो: संयोगातून, विभागातून आणि शब्दातून. नगाऱ्यावर टिपरू पडलं, तो संयोग. बांबू चिरला, तो विभाग. आणि एका शब्दातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, पाण्यावरच्या लाटेसारखा आपल्या कानापर्यंत येतो, तो शब्दातून शब्द. आता बासकडे बघा. बोटाने तार ओढून सोडली की आवाज सुटण्याच्या क्षणी होतो, हा विभाग. गजाचं काय? गजाचे केस राळेमुळे तारेला चिकटतात, तिला थोडं ओढून नेतात, मग ती सुटून मागे जाते, पुन्हा चिकटते. संयोग आणि विभाग आळीपाळीने, जाड तारेवर सेकंदाला ४१ वेळा. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३च्या आपल्या ग्रंथात व्हायोलिनच्या तारेची ही चाल मांडली. आणि पोट, पिकअप, अँप्लिफायर हे सगळे तिसऱ्या खात्यात, शब्दातून शब्द. अँप्लिफायर मिळालेला शब्द मोठा करील, त्याचा रंग थोडा बदलील. पण तार चिकटलीच नाही, तर तो काय मोठा करणार? घसरणं मोठं करील. आमच्या घरात तेच झालं.

नागपूरला व्हायोलिन वाजवणारे माझे एक स्नेही आहेत. ते आले, त्यांनी वाद्य पाहिलं आणि दोन गोष्टी दाखवल्या. एक, वाद्यावर बास गिटारच्या तारा होत्या. त्यांचं वेटोळं गोल तारेचं असतं, पृष्ठभाग कानशीसारखा खरबरीत. बोटाला चालतो, गजाचे केस मात्र तो खातो. उभ्या बासच्या तारांवरचं वेष्टन बहुधा चपटं आणि गुळगुळीत असतं. दोन, गज नवा होता. नव्या केसांना राळ नसेल तर गज मुका असतो. दुकानदाराने दिलेली राळ व्हायोलिनची होती, कडक. बासची राळ मऊ आणि चिकट लागते, कारण तार जाड आहे, तिला धरून ओढायला पकड हवी. बिचाऱ्या पोराच्या हाताचा यात काही संबंध नव्हता.

मग तार निवडायची कशी? पहिला प्रश्न वाद्याचा. तुमचा पिकअप कसला आहे? चुंबकीय असेल तर तारेत लोखंड-पोलाद हवंच. आतड्याची किंवा नायलॉनची तार त्याला दिसतच नाही. घोडीवरचा दाब टिपणारा पिएझो असेल तर कोणतीही तार चालते, पण त्याला योग्य प्रीअँप लागतो, नाहीतर आवाज पातळ, पत्र्यासारखा येतो. दुसरं, तारेची लांबी. मोठ्या बासवर घोडीपासून वरच्या टोकापर्यंत तार साधारण १०५ सेंटिमीटर असते. काही इलेक्ट्रिक वाद्यांवर ती पुष्कळ कमी असते. लांब वाद्याची तार तिथे चढवली तर ती ढिली पडते. तिसरं, घोडीची कमान. ती सपाट असेल, तर मधल्या दोन तारा गजाला वेगळ्या सापडत नाहीत. अशा वाद्यावर कितीही भारी तार लावा, उपयोग नाही.

यानंतर प्रश्न येतो तो माणसाचा. छेडायचं जास्त की गजाने वाजवायचं जास्त? छेडणाऱ्याला तार सोडल्यावर लांबवर घुमत राहिलेली हवी. गजवाल्याला ती लगेच बोलायला हवी, म्हणजे थोडी लवचीक, फार ताण नसलेली. या दोन अपेक्षा एकमेकींच्या पूर्ण विरुद्ध नाहीत, पण एका घरात सुखाने नांदतही नाहीत. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इनफेल्डची स्पिरोकोर ही पोलादी गाभ्याची तार जॅझमधल्या छेडणाऱ्यांची लाडकी, तिची गुंज लांब टिकते. गजाला मात्र ती मेहनत करायला लावते. अमेरिकेतल्या डी'अडारिओच्या हेलिकोर तारांत वाद्यवृंदासाठी वेगळा संच, छेडण्यासाठी वेगळा आणि दोन्हींसाठी मधला वेगळा, अशी सरळ वाटणीच आहे. जर्मनीच्या पिरास्ट्रोची ऑब्लिगाटो कृत्रिम गाभ्याची, बोटाला मऊ लागते. बनवणाऱ्यांनी एवढे प्रकार केले, यातच उत्तर आहे. 'दोन्हींना उत्तम' असं जो विकतो, त्याला विचारा, कोणतं थोडं कमी उत्तम? मधला संच घ्या, जरूर घ्या, पण काय सोडतो आहोत ते कळून घ्या. निवड म्हणजे सोडणंही असतं.

गजाचं तसंच. बासचे गज दोन घराण्यांचे. फ्रेंच गज वरून धरतात, चेलोसारखा. जर्मन गज खालून, तळवा वर करून. आपल्या सारंगीचा गजही खालूनच धरतात, हे ऐकून नातवाला गंमत वाटली. यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही. ज्या पकडीत खांदा न आवळता हाताचं वजन तारेवर उतरतं, ती तुमची. व्हायोलिनचा गज साठ ग्रॅमच्या आसपास, बासचा त्याच्या दुपटीहून जड. त्याला ते वजन हवंच. नवशिक्याला कार्बन फायबरचा गज पुरतो, आणि आपल्या उन्हाळ्यात तो लाकडासारखा वाकत नाही. मे महिन्यात बासची राळ मात्र डबीत वितळून पसरते, ती थंड जागी ठेवा. पावसाळ्यात केस ओल धरून लांबतात, कोरड्या हवेत आखडतात, म्हणून वाजवून झालं की गज ढिला करायचा. ही सवय तारेइतकीच महत्त्वाची.

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशी झालं. तर आपल्याच जिल्ह्यात या. पांढरकवडा, झरी-जामणी या भागांत आणि पैनगंगेपलीकडे आदिलाबादकडे परधान समाज आहे, राजगोंडांच्या कुळकथा पिढ्यान्‌पिढ्या सांगणारा. त्यांची किकरी म्हणजे गजाने वाजणारं तीन तारांचं वाद्य. आदिलाबादच्या राजगोंडांवर हैमेनडॉर्फ यांनी १९४८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, अभ्यासकांना परधानांची ओळख आहे. आपल्याला मात्र ती असतेच असं नाही. मंडल्याकडच्या परधानांचं असंच वाद्य म्हणजे बाना. त्याच्या तारा घोड्याच्या केसांच्या आणि गजही घोड्याच्या केसांचा. केसावर केस. त्याचा आवाज खरखरीत, थोडा घोगरा, कथा सांगणाऱ्या गळ्याला लगटून चालणारा. तिथे पोलादी तार चढवली तर आवाज मोठा आणि स्वच्छ होईल. पण कथा सांगणाऱ्या गळ्याशी त्याचं जमेल का? पंडित रामनारायण यांनी (१९२७–२०२४) सारंगीवर सोयीसाठी पहिली तार पोलादी लावून पाहिली आणि आवाज बदलतो म्हणून पुन्हा आतड्याच्या तारेकडे आले. त्यांच्याएवढा हात असलेल्या माणसालाही 'तार कोणतीही चालते' असं वाटलं नाही.

शेवटचा मुद्दा तुमच्यासाठी, कारण तुम्ही हे व्याख्यान बहुधा मोबाइलवर ऐकत किंवा वाचत असाल. माझा नातू व्हिडिओ पाहून तारा निवडत होता. मोबाइलचा छोटा स्पीकर ४१ वेळा कंपणारा स्वर जवळजवळ देऊच शकत नाही. त्या स्वराचे वरचे अंश तेवढे देतो आणि खालचा मूळ स्वर आपलं डोकं मनाने भरून काढतं. म्हणजे बासच्या खर्जाची परीक्षा आपण अशा यंत्रावर करतो, ज्यात खर्ज नाहीच. व्हिडिओवरून तारेचा चकचकीतपणा कळेल, गजाला ती कशी उत्तर देते ते कळणार नाही. ते हातालाच कळतं. म्हणून जमेल तर दुसऱ्याच्या वाद्यावर ती तार आधी वाजवून बघा. बासच्या तारांचा चांगला संच स्वस्त नसतो, आणि चुकीचा संच तर पैशांहून जास्त काही नेतो.

नातवाने मधला संच लावला, बासची राळ घेतली. चमत्कार झाला असं सांगणार नाही. पहिल्या दिवशी जाड तार बोलली, एवढंच. घरभर जमीन थोडी हलल्यासारखी वाटली आणि पोरगा दचकून माझ्याकडे बघत राहिला. अजून तो बेसूर वाजवतो. पण आता तो फोनवर म्हणतो, "आबा, तिसरं बोट खाली पडतंय." 'हातातच नाही' असं म्हणत नाही. बोट सुधारता येतं. वाद्य विकायचं सध्या तरी राहिलं आहे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. आणि कोणाच्या घरी जुनी सारंगी, दिलरुबा किंवा किकरी पडून असेल, तर तिच्यावर मिळेल ती तार चढवण्याआधी ती वाजवणारं कोणी माहितीत आहे का, तेवढं बघा.