हॉगवर्ट्सची साहित्य-यादी : जादूच्या शाळेतील आर्थिक विषमता

जे. के. रोलिंग यांच्या ‘हॅरी पॉटर’ या सात कादंबऱ्यांच्या मालिकेची (१९९७ ते २००७) चर्चा बहुधा सत्-असत् संघर्ष वा मिथकांचा वापर या अंगांनी होते. पहिल्या कादंबरीत हॉगवर्ट्सच्या प्रवेशपत्रासोबत येणारी शालेय साहित्याची यादी मात्र गमतीचा तपशील म्हणून बाजूला पडते. वस्तुतः मालिकेत सामाजिक वास्तवाचा शिरकाव या यादीतूनच होतो.

यादीचा घाट इंग्लंडमधील निवासी शाळांच्या सूचनापत्राचा आहे. काळ्या झग्यांचे ३ जोड, टोकदार टोपी, हातमोजे, हिवाळी डगला, ८ क्रमिक पुस्तके, छडी, कढई, काचेच्या कुप्या, दुर्बीण, पितळी तराजू. शिवाय कपड्यांवर नावाची पट्टी हवी आणि पहिल्या वर्षी स्वतःचा झाडू आणण्यास मनाई. अद्भुताला अशा कार्यालयीन भाषेत बसविण्यातून येथील विनोद निर्माण होतो.

यादी सर्वांना एकच. ऐपत मात्र एक नाही. आईवडिलांनी मागे ठेवलेल्या सोन्यामुळे हॅरी ७ गॅलियनची छडी सहज घेतो. रॉनच्या वाट्याला बिलचे झगे, चार्लीची छडी आणि पर्सीचा उंदीर येतो. छडीच जादूगाराची निवड करते, असे विक्रेता ऑलिव्हँडर सांगतो. मग भावाची जुनी छडी वापरणाऱ्याची निवड कोणी केली? रोलिंग हा प्रश्न उघडपणे विचारत नाहीत. दुसऱ्या कादंबरीत ती छडी मोडते, चिकटपट्टीने जोडून वर्षभर वापरली जाते आणि अखेर लॉकहार्टवरच तिचा मंत्र उलटतो. दारिद्र्याची खूण येथे कथानकाचा आधार होते, हे लेखिकेचे खरे कौशल्य होय.

हा लॉकहार्ट प्राध्यापकवर्गास अपरिचित वाटू नये. नेमणूक होताच तो स्वतःची ७ पुस्तके अभ्यासक्रमास लावतो. वीझली कुटुंबाची ५ मुले त्या वर्षी शाळेत आहेत आणि बँकेतील तिजोरीत एक गॅलियन व थोडी चिल्लर उरली आहे. हॅरीला फुकट मिळालेला संच तो जिनीच्या कढईत टाकतो. ल्युशियस मॅलफॉय तिचे जीर्ण पुस्तक हेटाळणीने उचलतो आणि परत करताना त्यासोबत घातक रोजनिशी सरकवतो. वर्गीय तुच्छता आणि कपट येथे एकाच कृतीत येतात.

पुढे मात्र ही जाण सैल पडते. तिसऱ्या कादंबरीत ७०० गॅलियनचे बक्षीस लागते आणि रॉनला नवी छडी मिळते; प्रश्न सुटत नाही, सोडत लागते इतकेच. गरजू विद्यार्थ्यांसाठी शाळेचा निधी आहे, हे सहाव्या कादंबरीत टॉम रिडलच्या पूर्वकथेत प्रथम कळते. मग वीझलींच्या संदर्भात त्याचा उल्लेखही का नसावा, याचे उत्तर संहितेत सापडत नाही.

त्याच कादंबरीत जुन्या पुस्तकाचे मोल पालटते. कपाटातून मिळालेल्या मळक्या प्रतीतील हस्तलिखित टिपांमुळे हॅरी वर्गात पहिला येतो आणि नव्या प्रतीचे वेष्टन जुन्या प्रतीस चढवून तीच जवळ ठेवतो. रॉनला ते अक्षर लागतच नाही. सुमारे ५० वर्षांपूर्वीची ती प्रत स्नेपच्या आईची होती. मुलाने तीच वापरली होती.